तळ्यात औषध टाकलं, पण ते खाल्लं कोणी? माशांच्या खाद्यातल्या अँटिबायोटिकचं गणित

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर लागतं आणि देवपूर मागे टाकून सोनगीरच्या दिशेने निघालं की दोन्ही बाजूंनी शेतं सुरू होतात. आता समजा, या पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याने प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं केलंय. मुळात ते पिकासाठी. पण पाणी साठलंच आहे तर त्यात पंगसचं बीज सोडलंय. आठ महिने रोज दोन वेळा खाद्य टाकलं, मासे अर्ध्या किलोचे झाले आणि जानेवारीतल्या एका सकाळी पाच-सात मासे पोट वर करून तरंगताना दिसले. अंगावर लाल चट्टे, पोट फुगलेलं.

पुढे काय होतं, हे मत्स्यपालन करणाऱ्या कुणालाही सांगायची गरज नाही. मेलेल्या माशाचा फोटो व्हॉट्सअपवर जातो. ग्रुपमधून कुणीतरी औषधाचं नाव पाठवतं. दुकानातून पाकीट येतं. घमेल्यात खाद्य, त्यावर औषधाची पावडर, वरून थोडं तेल, हाताने कालवायचं, सावलीत सुकवायचं आणि तळ्यात फेकायचं. पाच दिवस, सात दिवस, कधी दहा दिवस.

वाटतं तसं हे सोपं नाही. कारण आजारी मासा सगळ्यात आधी एक गोष्ट सोडतो. खाणं!

म्हणजे औषध खाद्यात, आणि ज्याला औषध हवंय तो खाद्याकडे फिरकतच नाही. तो कोपऱ्यात, काठाला, सुस्त पडून असतो. औषध कालवलेल्या गोळ्यांवर तुटून पडतात ते धडधाकट मासे.

मग खाद्यातून देतातच कशाला?

दुसरा सोयीचा रस्ता नसतो म्हणून. गाय आजारी पडली तर तिला दावणीला बांधून इंजेक्शन देता येतं. चार हजार माशांना कोण पकडणार? पकडायला जाळं टाकलं तर त्या दगदगीनेच आणखी मासे दगावतात. पाण्यात औषध ओतायचं म्हटलं तर हजारो लिटर पाण्याला पुरेल एवढं औषध लागतं, खर्च परवडत नाही आणि पाण्यातले उपयोगी जिवाणूही मरतात. त्यामुळे जगभर खाद्य हाच मुख्य मार्ग ठरला. अमेरिकेत 1940 च्या दशकात ट्राउट माशांना सल्फा औषधं खाद्यातून देऊन बघितली गेली, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

ही पद्धत कळपाला वाचवण्यासाठी आहे. जे आधीच आजारी पडलेत ते बहुतेक हातचे गेलेले असतात. जे अजून खातायत, पण ज्यांच्या अंगात जिवाणू शिरला असेल किंवा उद्या शिरेल, त्यांच्यासाठी हे औषध. म्हणून सुरुवात पहिल्या दोन दिवसांत झाली तर उपयोग. निम्मं तळं खायचं थांबल्यावर पाकीट फोडण्यात फारसा अर्थ उरत नाही.

घमेल्यातलं गणित

आता आकड्यांकडे वळू, कारण सगळी गडबड तिथेच होते. पुढचे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून घेतलेत. कुणी ते औषधाची चिठ्ठी म्हणून वापरू नयेत.

ऑक्सिटेट्रासायक्लिन हे माशांमध्ये जुनं आणि सर्रास वापरलं जाणारं अँटिबायोटिक. अमेरिकेत त्याला जी परवानगी आहे तिच्यात डोस माशाच्या वजनावर ठरतो. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 55 ते 83 मिलिग्रॅम, सलग 10 दिवस. आपण 75 धरू.

आपल्या तळ्यात 4,000 मासे, प्रत्येक अर्ध्या किलोचा. एकूण 2,000 किलो मासा. गुणिले 75 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 150 ग्रॅम शुद्ध औषध. मासे दिवसाला वजनाच्या 3 टक्के खातात असं धरलं तर खाद्य झालं 60 किलो. 60 किलोत 150 ग्रॅम, म्हणजे किलोमागे अडीच ग्रॅम. कागदावर हिशोब चोख.

तळ्यात काय होतं? रोग आलाय, मासे 3 टक्क्यांऐवजी जेमतेम 1 टक्का खातायत. 60 किलोच्या जागी 20 किलो. म्हणजे 150 ग्रॅमच्या जागी 50 ग्रॅम औषध पोटात गेलं. किलोमागे 75 ऐवजी 25 मिलिग्रॅम. तेही सरासरीने. निरोगी माशाने 40 खाल्लं असेल, अर्धवट आजारी माशाने 10, आणि कोपऱ्यातल्या माशाने शून्य.

जिवाणूच्या दृष्टीने याहून चांगली शाळा नाही. मरण्याइतकं औषध नाही, पण ओळख होण्याइतकं आहे. जे जिवाणू टिकतात त्यांची पिल्लावळ पुढच्या वेळी त्या औषधाला जुमानत नाही. ही सहनशक्ती देणारे जनुकांचे तुकडे एका जातीचे जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूंना देऊ शकतात. माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंनाही. टेट्रासायक्लिनच्याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन आजही माणसांच्या दवाखान्यात रोज लिहून दिलं जातं.

बरं, हा हिशोबही 4,000 मासे खरंच तळ्यात आहेत असं धरून. बीज सोडलं तेव्हा 4,000 होते. त्यातले किती मेले, किती बगळ्यांनी नेले, किती पाहुण्यांना गेले, हे कुणी मोजलेलं नसतं. वजनही अंदाजाने. पाकिटात शुद्ध औषध किती टक्के आणि भुकटी किती, हे बारीक अक्षरात असतं. तीन ठिकाणी थोडा थोडा अंदाज चुकला की शेवटचा डोस दुप्पट किंवा निम्मा.

पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही

टेट्रासायक्लिनची गोळी दुधासोबत घेऊ नका, असं डॉक्टर सांगतात. दुधातलं कॅल्शियम औषधाला पकडून ठेवतं आणि ते रक्तात जात नाही. माशाच्या पोटातही हेच घडतं. मत्स्यखाद्यात फिशमील असतं, त्यात काट्यांचं कॅल्शियम. त्यामुळे गिळलेल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनचा थोडाच भाग माशाच्या रक्तात उतरतो. कार्प जातीत, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळात, हे प्रमाण फारच कमी असल्याचं संशोधकांना दिसलंय. बाकीचं विष्ठेतून परत तळ्यात.

त्यात न खाल्लेलं खाद्य तळाशी बसतं. आणि गोळी पाण्यात पडल्यापासूनच तिच्यावरची पावडर सुटायला लागते. वरून तेलाचा किंवा जिलेटिनचा लेप नीट बसला नसेल तर मासा येईपर्यंत बरंचसं औषध पाण्यात गेलेलं असतं.

हे औषध तळाच्या गाळाला चिकटून बसतं आणि तिथे आठवडेच्या आठवडे टिकू शकतं. खान्देशातल्या शेततळ्याचं पाणी पुढे कुठे जातं? ठिबकमधून केळीला, पपईला, डाळिंबाला. तळं रिकामं झालं की गाळ बांधावर किंवा थेट शेतात, खत म्हणून.

मुळात रोग कोणता, हे विचारलं का?

अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. तळ्यात मासे मरण्याची कारणं मात्र ढीगभर आहेत.

पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळतायत, तर बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन कमी झालेला असतो. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे सूर्योदयाआधी तो तळाला गेलेला असतो. इथे एरेटर लागतो, पाकीट नाही.

अंगावर चपट्या उवा दिसल्या तर तो आर्ग्युलस नावाचा परजीवी. कार्पच्या तळ्यांत हा नेहमीचा पाहुणा. त्याच्यावर अँटिबायोटिकचा काही परिणाम होत नाही.

अंगावर खोल जखमा, त्याही थंडीत, तर शंका ईयूएस नावाच्या रोगाची. हा रोग भारतात 1988 मध्ये शिरला आणि त्याने ईशान्येपासून देशभरातल्या तळ्यांत धुमाकूळ घातला. त्याच्या मुळाशी ॲफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने, म्हणजे सीफाने, त्याच्यासाठी 'सीफॅक्स' नावाचं औषध तयार केलं. ते पाण्यात टाकायचं असतं. अँटिबायोटिकने जखमेत नंतर शिरलेले जिवाणू मरतील, मूळ रोग तिथेच. आणि तिलापियाला तिलापिया लेक व्हायरस झाला असेल, तर अँटिबायोटिकचं तिथे कामच नाही.

आपल्या गोष्टीतल्या पंगसला लाल चट्टे आणि फुगलेलं पोट आहे. हा ऐरोमोनास किंवा एडवर्डसिएला जिवाणूंचा उद्योग असू शकतो. असू शकतो. खात्री प्रयोगशाळेत होते. तिथे माशाच्या मूत्रपिंडातून नमुना घेऊन जिवाणू वाढवतात आणि वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवून कोणत्या चकतीभोवती जिवाणू मरतात ते पाहतात. याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात इकडे आणखी पन्नास मासे मरतात, आणि शेतकऱ्याचा धीर सुटतो. त्याला दोष देणं सोपं आहे. पण माणसांचा डॉक्टर गल्लीत, जनावरांचा तालुक्याला, आणि माशांचा कुठे, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील.

काही सोयी झाल्यात. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' नावाचं ॲप आणलं, त्यावर शेतकरी रोगाची माहिती पाठवू शकतो. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही विचारता येतं. पण व्हॉट्सअप ग्रुपवर उत्तर पाच मिनिटांत येतं, खरी अडचण ती आहे.

500 अंश-दिवस म्हणजे काय?

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट.

औषध दिल्यावर ते माशाच्या मांसातून उतरायला वेळ लागतो. तोवर मासा विकायचा नसतो. याला विथड्रॉवल पिरियड म्हणतात. दुधाच्या गायीला इंजेक्शन दिल्यावर काही दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, तसंच हे.

भारतात याचा नियम आहे. जानेवारी 2012 मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती झाली. ज्या जनावरांचं दूध, अंडी, मांस माणसं खातात त्यांच्या औषधाच्या पाकिटावर हा काळ छापणं बंधनकारक झालं. आणि एखाद्या औषधाचा काळ शास्त्रीय चाचणीने ठरलेला नसेल तर किमान किती थांबायचं तेही सांगितलं. दूध आणि अंड्यांसाठी 7 दिवस. कोंबडी-बकऱ्याच्या मांसासाठी 28 दिवस. माशासाठी मात्र दिवस नाहीतच. तिथे लिहिलंय 500 अंश-दिवस.

हे काय प्रकरण आहे? कोंबडीचं आणि बोकडाचं शरीर कायम एकाच तापमानाला असतं, बाहेर थंडी असो की ऊन. मासा शीतरक्ती. पाणी जेवढं गरम तेवढं त्याचं शरीर गरम. पाणी थंड झालं की त्याचं पचन, त्याचं यकृत, त्याचं मूत्रपिंड सगळं मंदावतं आणि औषध बाहेर पडायला जास्त दिवस लागतात. म्हणून रोजचं पाण्याचं सरासरी तापमान मांडायचं आणि त्याची बेरीज करत जायची. बेरीज 500 झाली की काळ पूर्ण.

पाणी 30 अंश असेल तर 17 दिवसांत 500 पार होतात. 25 अंशाला 20 दिवस. 20 अंशाला 25 दिवस.

धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो. तळ्याचं पाणी हवेइतकं गार होत नाही, पण बरंच उतरतं. म्हणजे जे औषध मे महिन्यात अडीच आठवड्यांत उतरलं असतं, तेच जानेवारीत साडेतीन आठवडे मागतं. दुकानदाराने 'पंधरा दिवस थांबा' असं सरसकट सांगितलं असेल तर ते उन्हाळ्यातही अपुरं आणि हिवाळ्यात तर फारच अपुरं.

एक साधा थर्मामीटर आणि वही, एवढंच साहित्य लागतं. ते किती तळ्यांवर असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

तपासतं कोण?

माशातल्या अँटिबायोटिकचा विषय निघाला की निर्यातीच्या कोळंबीचं नाव येतं. युरोपने 2016 मध्ये भारतातून येणाऱ्या शेतीच्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेलं. म्हणजे दोनातली एक खेप बंदरावर तपासली जाणार. खेप परत आली की नुकसान कोटींत. त्यामुळे किनाऱ्यावर शिस्त लागली. त्यासाठी कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटी आहे, 2005 चा कायदा आहे, बंदी असलेल्या अँटिबायोटिकची यादी आहे.

पण हा कायदा किनाऱ्याचा. धुळ्यातल्या शेततळ्याला तो लागू होत नाही.

इथे लागू होतात अन्नसुरक्षेचे नियम. एफएसएसएआयच्या 2011 च्या नियमांत माशांसाठी स्पष्ट मर्यादा दिल्यात. ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. क्लोरॅम्फेनिकॉल, सगळी नायट्रोफ्युरान, मेट्रोनिडॅझोल, फ्लुरोक्विनोलोन यांना पूर्ण बंदी. नायट्रोफ्युरानचे अवशेष मांसाला असे चिकटतात की शिजवल्यानेही जात नाहीत. कॉलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवलेलं शेवटच्या फळीतलं औषध. खाण्यासाठी पाळलेल्या कोंबड्या, जनावरं आणि माशांमध्ये त्याच्या वापरावर 2019 मध्ये देशभर बंदी आली. एफएसएसएआयने 2024 मध्ये आपले नियम आणखी कडक केले आणि ते 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले.

नियम आहेत. पण युरोपच्या बंदरावर खेपेमागून खेप तपासली जाते तशी देवपूरच्या बाजारात पाटीवर मांडलेल्या माशाची तपासणी होत नाही. अन्न व औषध प्रशासन नमुने घेऊ शकतं, पण मासा सकाळी आला आणि दुपारी रश्शात गेला. गोव्यात 2018 मध्ये माशाला फॉर्मेलिन लावल्याच्या संशयावरून केवढं रान पेटलं होतं! अँटिबायोटिकला वास नाही, रंग नाही, त्यामुळे त्याच्यावरून भांडण होत नाही.

मग मासे खायचे की नाही?

खायचे. फक्त एक फरक समजून घ्यायला हवा.

खान्देशात मिळणारे सगळे मासे शेततळ्यातले नसतात. हतनूर, गिरणा आणि उकाईचं पसरलेलं पाणी, अशा मोठ्या जलाशयांत बीज सोडतात, पण मोकळ्या पाण्यातल्या माशांना कुणी रोज गोणी फोडून खाद्य घालत नाही. ते पाण्यातलं शेवाळ, कीटक, सेंद्रिय गाळ यांवर वाढतात. जिथे खाद्यच नाही तिथे खाद्यातून औषधही नाही. प्रश्न येतो तो दाट बीज सोडून विकतच्या खाद्यावर वाढवलेल्या माशांचा. शेततळी, पिंजरे, बायोफ्लॉकच्या टाक्या, आणि बाहेरच्या राज्यांतून बर्फात येणारा तळ्यातला मासा. त्यातही प्रत्येकाने औषध वापरलेलं असतं असं नाही. वापरून नीट थांबलेलेही असतात.

हा गट वाढणार आहे. 2016 ची 'मागेल त्याला शेततळे' योजना, 2020 पासूनची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला दिलेला शेतीचा दर्जा. तळी वाढतील, मासा वाढेल, आणि आजारही.

हे आटोक्यात येतं का? नॉर्वेकडे बघा. 1987 मध्ये तिथे साधारण 50 हजार टन सॅमनसाठी जवळपास 50 टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. टनामागे एक किलो! मग लस आली. लहान वयातच प्रत्येक माशाच्या पोटात टोचायची. पिंजऱ्यांमध्ये अंतर ठेवलं, एक पीक निघाल्यावर जागा रिकामी ठेवायला लावली. आज नॉर्वे 15 लाख टनांच्या घरात सॅमन काढतो आणि वर्षाला एक टनाहून कमी अँटिबायोटिक लागतं. तोच सॅमन वाढवणाऱ्या चिलीत 2015 मध्ये मात्र 557 टन अँटिबायोटिक वापरलं गेलं, कारण तिथल्या मुख्य जिवाणूजन्य रोगावर लस तितकी चालली नाही. म्हणजे नॉर्वेची युक्ती उचलून सगळीकडे चिकटवता येत नाही. आणि दोनशे रुपये किलोच्या आत विकल्या जाणाऱ्या पंगसला एकेक करून लस टोचणं कुणाला परवडणार? आपल्याकडे उपाय बीज सोडतानाच सुरू होतो. तळ्याच्या आकाराला झेपेल एवढंच बीज, उरलेलं खाद्य तळाशी कुजू न देणं, पहाटेचा ऑक्सिजन.

आता परत सोनगीरच्या वाटेवरच्या त्या शेततळ्यावर येऊ. समजा शेतकऱ्याने सगळं नीट केलं. नमुना तपासून घेतला, औषध लागू पडलं, मरतूक थांबली. शेवटचा औषधी डोस 20 जानेवारीला दिला. पाणी सरासरी 20 अंश. 25 दिवस मोजले की तारीख येते 14 फेब्रुवारी.

व्यापाऱ्याची गाडी 1 फेब्रुवारीला येणार आहे. तोवर बेरीज होते 240. तळ्यातलं पाणी रोज उतरतंय, कारण शेजारच्या केळीलाही तेच लागतं, आणि पाणी कमी झालं की मासे पुन्हा दाटीत येऊन आजारी पडणार. दोन आठवड्यांचं खाद्य म्हणजे आणखी पंधरा-वीस गोण्या. व्यापारी फोनवर वजन विचारतो, दर सांगतो, बर्फ किती आणायचा ते विचारतो. औषध कधी दिलं होतं, हे मात्र विचारत नाही.